मीरा ते टियागो : आठ लाखांत इलेक्ट्रिक गाडी शोधताना सापडलेला इतिहास

ज्यांना बसमध्ये नीट ऐकू येत नाही, ज्यांचा डेटा संपलाय, किंवा ज्यांना माझा आवाज आवडत नाही (कमेंट वाचतो मी, काळजी नसावी), त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना अडखळलो तेवढं कापलं. बाकी बोललो तसंच.

तर, आमच्या घरात एक अल्टो आहे. २०१० ची. पंधरा वर्षं झाली, म्हणजे आरसी रिन्यू करायची, पासिंग करून घ्यायचं. आणि खालचा पत्रा गंजलाय. का गंजला हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवस गाडी पाण्यात उभी होती. इंजिन वाचलं, पत्रा वाचला नाही.

नवीन गाडीसाठी बजेट आठ लाख. रस्त्यावर आणून आठ, शोरूमचे नाही. त्यातले तीन लाख आण्णांच्या पीएफचे आहेत. आण्णा माझे वडील. उद्यमनगरात लेथवर एकतीस वर्षं काढली. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, हे त्याला मशिनिंग करून पुढं पाठवायचे. सिलेंडर हेड, गिअरबॉक्सची हाउसिंग, ब्रेक ड्रम. आता त्यांच्या आयुष्यभराच्या कामातला मोठा भाग ज्या गाडीत लागतच नाही, अशी गाडी त्यांच्याच पीएफमधून घ्यायची, असा माझा प्रस्ताव होता. म्हणून घरात जरा शांतता होती.

मी एक्सेल शीट उघडली. सॉफ्टवेअरवाल्याला टेन्शन आलं की तो शीट उघडतो. बारा रकाने. रेंज, बॅटरी, चार्जिंगचा वेळ, बूट स्पेस, सगळं. आण्णांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "स्वस्तातली गाडी घ्यायची म्हंजे काय दिलंय ते बघू नकोस. काय काढून टाकलंय ते बघ. मीरा ठाव हाय का तुला?"

मला मीरा माहीत नव्हती. लाज वाटली पाहिजे, कारण मीरा आपल्याच जिल्ह्यातली. पुढचे दोन शनिवार-रविवार मी गाडी शोधायची सोडून इतिहास वाचत बसलो.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. १९४९ मध्ये त्यांनी दोन सीटची छोटी गाडी बनवली. १९४९! देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झालेली, आणि इकडे यंत्रमागाच्या गावात एक जण म्हणतोय की सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार मी बनवतो. तिथंच थांबले नाहीत. सुधारत राहिले, नवीन मॉडेल करत राहिले, पंचवीसेक वर्षं. सत्तरच्या दशकातलं शेवटचं मॉडेल चार सीटचं होतं. इंजिन मागच्या बाजूला. सस्पेन्शनला पोलादी स्प्रिंगच्या ऐवजी रबर. मुळात पार्टच कमी करायचे, हा सगळा विचार. पार्ट कमी म्हणजे बनवायला स्वस्त आणि दुरुस्तीलाही स्वस्त. अंदाजे किंमत धरली होती बारा हजार रुपये.

ज्यांनी कोल्हापूर जवळून बघितलंय त्यांना यात फार नवल वाटणार नाही. या गावात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी परदेशी कॅमेरा बघून स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता, शंभर वर्षांपूर्वी. बघून बनवायचं, खोलून शिकायचं ही इथली रीतच.

पण मीरा कारखान्यातून बाहेर पडली नाही. कारण तेव्हाची व्यवस्था. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटार बनवायला सरकारी परवाना लागायचा. आणि 'जनतेची छोटी गाडी' या विषयावर दिल्लीत वर्षानुवर्षं समित्या आणि चर्चा चालू होत्या. १९७० मध्ये छोट्या गाडीचं इरादापत्र मिळालं ते संजय गांधींच्या प्रकल्पाला. त्यातूनही त्यांच्या हयातीत लोकांच्या हातात गाडी पडली नाही. शेवटी सरकारी मारुती आणि जपानची सुझुकी एकत्र आली, आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० एका ग्राहकाला मिळाली. किंमत ४७,५०० रुपये. पुढं काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या घरातल्या जुन्या फोटोत आहे.

मीराबद्दल बोलताना लोक 'आपल्या माणसावर अन्याय झाला' इथं थांबतात. झालाच. पण मला इंजिनिअर म्हणून दुसरी गोष्ट लागली. एक गाडी बनवणं हे कौशल्य आहे. तीच गाडी वर्षाला एक लाख बनवणं म्हणजे भांडवल, डाय, व्हेंडर, परवाने, डीलर. स्वस्ताई येते ती या दुसऱ्या गोष्टीतून. हे वाक्य लक्षात ठेवा, बॅटरीच्या वेळी परत येणार आहे.

आता जरा लांब जाऊ. युरोप-अमेरिका.

इलेक्ट्रिक गाडी ही नवीन गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. पण रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो इलेक्ट्रिक गाडीनं, १८९९ मध्ये. बेल्जियमचा कामील जेनात्झी चालवत होता, गाडीचा आकार तोफेच्या गोळ्यासारखा. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिकेतल्या शहरांत इलेक्ट्रिक गाड्या चांगल्या चालत होत्या. आवाज नाही, धूर नाही, हँडल मारायची भानगड नाही. हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. नवरा पेट्रोलच्या गाड्यांचा राजा, आणि घरात बॅटरीची गाडी. आमच्या घरातली शांतता आठवली.

मग बिघडलं कुठं? दोन ठिकाणी. १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. पेट्रोल गाडीला हँडल मारताना हात मोडायचे, ती भीती गेली. गंमत बघा, इलेक्ट्रिक गाडीला मारलं ते एका छोट्या इलेक्ट्रिक मोटरनं. दुसरं कारण किंमत. त्याच १९१२ च्या सुमारास पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला मिळत होती आणि इलेक्ट्रिक रोडस्टर १,७५० डॉलरला. फोर्डनं असेंब्ली लाइन लावली, किंमत अजून पडली. शिशाची बॅटरी मात्र तेवढीच जड आणि तेवढीच महाग राहिली.

याच काळातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठलो. अमेरिकेत हार्टफर्ड नावाच्या शहरात वीज कंपनीनं १९१२ च्या आसपास एक योजना काढली. इलेक्ट्रिक ट्रक घ्या, पण बॅटरीशिवाय. बॅटरी वीज कंपनीची. महिन्याला ठरावीक आकार, वर जेवढे मैल चालवाल तेवढे पैसे. चार्ज संपला की बॅटरी बदलून मिळणार. ही योजना १९२४ पर्यंत चालली.

ओळखीचं वाटतंय ना? सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीनं कॉमेट ईव्ही ४.९९ लाखांत जाहीर केली, बॅटरीचं भाडं किलोमीटरला अडीच रुपये वेगळं. सगळीकडे 'क्रांतिकारक योजना' म्हणून रील्स. एकशे बारा वर्षं जुनी क्रांती! त्याच वेळी बॅटरीसकट कॉमेट ६.९९ लाखांपासून होती. म्हणजे फरक दोन लाखांचा. दोन लाखांना अडीचनं भागा, ८०,००० किलोमीटर येतात. आमचं चालणं महिन्याला साधारण ८०० किलोमीटर, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. व्याज सोडून दिलं तर तो वेगळ्या नावाचा ईएमआयच आहे. ज्याचं चालणं कमी त्याला बरा, ज्याचं जास्त त्याला महाग. फक्त अशी योजना घेताना महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात, हे फायनान्सवाल्याला आधी विचारा. कमी चालवणाऱ्याचा सगळा फायदा त्या एका अटीत जाऊ शकतो.

बरं, भारतात परत येऊ.

१९९३ मध्ये एडी इलेक्ट्रिकची 'लव्हबर्ड' दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये आली होती, दोन सीटची, शिशाच्या बॅटरीवर. चालली नाही. खरी सुरुवात रेवाची. बंगळुरूचे चेतन मैनी, २००१. दोन मोठी माणसं आणि मागं दोन लहान मुलं. सहा व्होल्टच्या आठ शिशाच्या बॅटऱ्या, एका चार्जवर ऐंशी किलोमीटर असा दावा. कॉलेजात असताना एका सेमिनारला मी रेवाची चेष्टा केली होती, स्लाइडवर फोटो लावून. आता वाईट वाटतं. कारण शिशाची बॅटरी एका किलोत साधारण तीस-चाळीस वॉट-तास ऊर्जा साठवते. आजच्या लिथियमच्या सेलमध्ये त्याच्या चार-पाच पट मावते. तीस-चाळीसमध्ये संसार करायचा तर गाडी लहानच होणार, हळूच जाणार. आण्णांच्या भाषेत, काय काढून टाकलंय? जागा, वेग आणि लांबचा प्रवास. रेवानं ते लपवलं नाही. लंडनमध्ये तीच गाडी जी-विझ नावानं विकली गेली, कारण तिथं २००३ पासून शहरात शिरायला गर्दीचा कर लागला आणि इलेक्ट्रिकला तो माफ होता. भारतात मात्र लोकांनी तिला गाडी म्हणूनच मोजलं, आणि त्या मापात ती बसेना. २०१० मध्ये महिंद्रानं कंपनी घेतली, २०१३ मध्ये लिथियम बॅटरीची ई-टू-ओ आली. तीही फार खपली नाही.

मध्ये नॅनो येऊन गेली. पेट्रोलची, पण तिच्याशिवाय स्वस्त गाडीचा इतिहास सांगता येत नाही. १० जानेवारी २००८, एक लाखाची गाडी. एकच वायपर, चाकाला चारच्या जागी तीन नट, मागची डिकी बाहेरून उघडत नाही. इंजिनिअरिंग बघितलं तर मीराची धाकटी बहीण, मागं इंजिनसकट. पण तिच्या कपाळावर 'सर्वांत स्वस्त' हे लिहिलं गेलं, आणि आपल्या गल्लीत कुणाला सर्वांत स्वस्त गाडी दारात लावायची असते? आमच्या शेजारच्या काकांनी घेतली होती. गाडी उत्तम चालली. तरी दरवेळी सांगायचे, "मुलाला शिकायला घेतलीय."

आता ते बॅटरीचं वाक्य. मोबाइल-लॅपटॉपसाठी लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीनं बाजारात आणली. १९९७ मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाढी यांनी लोह-फॉस्फेटचा प्रकार मांडला, जो आज एलएफपी म्हणून स्वस्त गाड्यांत सगळीकडे दिसतो. पण शोध लागला म्हणून किंमत पडत नाही. कारखाने वाढले तेव्हा पडली. २०१० मध्ये एका किलोवॉट-तासाच्या पॅकला हजार डॉलरच्या वर पडत होते. ब्लूमबर्ग एनईएफच्या सर्वेक्षणात २०२४ ची सरासरी ११५ डॉलर आहे.

हे आपल्या गाडीत घालून बघू. टियागो ईव्हीची लहान बॅटरी १९.२ किलोवॉट-तासाची. २०१० च्या भावानं आणि तेव्हाच्या पंचेचाळीस रुपयांच्या डॉलरनं नुसती बॅटरी साडेआठ लाखांच्या वर. २०२४ च्या भावानं पावणेदोन-दोन लाख. म्हणजे चेतन मैनींना जे करायचं होतं ते २००१ मध्ये कुणालाच जमलं नसतं. शंकररावांना परवाना आडवा आला, मैनींना रसायनशास्त्र.

म्हणून २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही १३.९९ लाखांना, सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही ८.४९ लाखांना (सुरुवातीची किंमत), एप्रिल २०२३ मध्ये कॉमेट ७.९८ लाखांना, अशा पायऱ्या उतरल्या. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीनं 'ईवा' दाखवली, छतावर सोलर पॅनेलवाली छोटी गाडी. बॅटरी भाड्यानं घेतली तर ३.२५ लाखांपासून असं जाहीर केलं. ती बघितल्यावर आण्णा पहिल्यांदा शीटमध्ये वाकून बघायला लागले. छोटी गाडी, पार्ट कमी, मराठी मुलखातली. मी म्हटलं, सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आल्याशिवाय नाही.

आणि इमानदारीत सांगायचं तर पेट्रोलही स्वस्त झालंय. म्हणजे गाडी, इंधन नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. ईव्हीचा ५ आहे, आणि महाराष्ट्रात ईव्हीला मोटार वाहन कर माफ आहे, पण अंतर कमी झालंच. "ईव्ही घेतली नाही तर मूर्ख" असं बोलणाऱ्यांचं ऐकू नका. हिशोब ज्याचा त्यानं करायचा.

आमचा हिशोब असा. महिनाभर अल्टोच्या डॅशबोर्डवर वही ठेवली. कोण, कुठं, किती किलोमीटर. तीस दिवसांतले सव्वीस दिवस चाळीसच्या आत. रंकाळा, दसरा चौक, दवाखाना, मार्केट. तीन दिवस इचलकरंजी किंवा पन्हाळा. एक दिवस पुणे, दोनशे तीस किलोमीटर. चार्जिंग घरी. एका युनिटला, चार्जिंगमधली गळती धरून, सात किलोमीटर धरले. आमच्या बिलात स्लॅब चढला की युनिट अकराच्या आसपास जातं. म्हणजे किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये. पेट्रोलला शहरात सहा. महिन्याला साडेतीन हजार वाचतात. पाच वर्षांत दोन लाख. त्यासाठी पीएफ मोडायचा का, हा प्रश्न आण्णांनी विचारला नाही, पण खोलीत होता.

कॉमेट बघितली. १७.३ ची बॅटरी, शहरात एक नंबर, वळवायला रिक्षापेक्षा सोपी. पण डीसी फास्ट चार्जिंग नाही. म्हणजे त्या एका पुण्याच्या दिवशी ती घरी. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालंय, तपासणी तीन महिन्यांनी असते. ती म्हणाली, "मी एसटीनं जातो की." (कोल्हापूरबाहेरच्या लोकांनो, आमच्याकडं बायका 'जातो'च म्हणतात.) पण गुडघा तिचा आहे, एसटीचा नाही.

नवी टियागो ईव्ही तेव्हा ७.९९ पासून सुरू होत होती, विमा वगैरे धरून आठच्या वर, आणि तीही लहान बॅटरीची. एका विक्रेत्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "सर, अडीचशे जाते." अडीचशे हा चाचणीतला आकडा. त्याच्याच टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत शंभर टक्क्याला स्क्रीनवर १७१ दिसत होतं. मी बोट दाखवलं, तो म्हणाला एसी चालूय. कोल्हापुरात एप्रिलमध्ये एसी बंद कोण ठेवतो?

म्हणून जुन्या बाजारात गेलो. २०२३ ची टियागो ईव्ही, मोठी २४ ची बॅटरी, ३१,००० किलोमीटर चाललेली, सहा लाख नव्वद हजार. चार गोष्टी तपासल्या आणि त्या तुम्हीही तपासा. बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून. आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर लागू होते, हे लेखी. डीसी चार्जर स्वतः लावून बघणं, मालकाच्या तोंडी शब्दावर नाही. आणि आमच्या गावापुरती चौथी : गाडी २०२१ च्या पुरात नव्हती हे वर्षावरून कळलं, पण खालून लिफ्टवर चढवून बघितलीच. पॅक आयपी ६७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पंचगंगा अर्ध्या तासात उतरत नाही. पाणी चढायला लागलं की गाडी पहिल्यांदा उंचावर न्यायची, हे घरात ठरलंय.

लिफ्टवर गाडी होती तेव्हा आण्णा खाली उभे होते, हात पाठीमागं. बॅटरीचा पत्रा बघितला, मोटर बघितली, काही बोलले नाहीत. मग मागच्या चाकाशी गेले. टियागो ईव्हीला मागं ड्रम ब्रेकच आहेत. ड्रमवर बोट फिरवलं, तर्जनीनं दोनदा टकटक केली, आणि सर्व्हिसच्या पोराला विचारलं, "हे कास्टिंग कुठलं रे?"

त्याला माहीत नव्हतं. आण्णांनी त्याच्याकडं पाच मिनिटं कास्टिंगचा विषय लावून धरला. मी तोवर मालकाला टोकनचे पंचवीस हजार पाठवले.

अल्टो अजून विकलेली नाही. पुण्याची पहिली फेरी झाली की ठरवू, असं आईचं म्हणणं आहे.